चार वाजून दहा मिनिटं

तपासणीसाठी रक्त द्यायला येणारी माणसं अकरापर्यंत आटपायची, रिपोर्ट दीडपर्यंत निघायचे, आणि दोन ते साडेतीन लॅबमध्ये मॅडमची कुणाला गरज नसायची. हा दीड तास मॅडमने गेली बारा वर्षं इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाला वाहिला होता. पगार नाही, शाबासकी नाही, मिळाल्या तर शिव्या. तिथे तिचं नाव होतं ‘टाचणी’. हे नाव तिने स्वतःच घेतलं होतं, कारण प्रत्येक वाक्याला संदर्भ टाचलेला हवा, नाहीतर वाक्य उडवा, असा तिचा खाक्या होता. कुणी आपल्या आजोबांना थोर समाजसेवक करून टाकलं, उडव. कुणी आपल्या गावच्या विहिरीला हजार वर्षांची केली, उडव. लोक चिडत, विनवण्या करत, आणि ती सगळ्यांना एकच वाक्य चिकटवत असे: त्याला संदर्भ लागेल.

त्या दिवशी तिने डबा बाजूला सारून धरणाच्या लेखाचं चर्चापान उघडलं. चर्चापान म्हणजे लेखाची मागची खोली. काय ठेवायचं नि काय काढायचं याची भांडणं तिथे होतात. कुणा अनोळखी बाईने लिहिलं होतं:

‘या लेखात लिहिलंय की पुराच्या दिवशी गेट ऑपरेटर झोपला होता. ते माझे वडील. ते झोपले नव्हते. वरून हुकूम येईना म्हणून थांबले होते. आता त्यांचं वय ऐंशी आहे. शेजाऱ्यांनी मोबाईलवर हे वाचून दाखवलं, तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत. कृपया काढून टाका.’

टाचणीने लेखातलं वाक्य पाहिलं. ‘दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली, परंतु गेट ऑपरेटर झोपलेला असल्याने दरवाजे उघडण्यास विलंब झाला व खालच्या वस्तीत पाणी शिरले.’ पुढे दोन संदर्भ, एक वर्तमानपत्राचा, एक पुस्तकाचा. दुसऱ्या कुठल्या लेखात हे वाक्य असतं तर ‘संदर्भ आहेत, सबब वाक्य राहील’ असं लिहून तिने डबा पुन्हा ओढला असता. पण हा लेख तिचा स्वतःचा होता, अगदी पहिला. तिचे वडील, अण्णा, त्या धरणावर इंजिनिअर होते, म्हणून तर तिने तो लिहायला घेतला होता.

तिने लेखाचा इतिहास उघडला. कुणी कोणतं वाक्य कधी घातलं हे कोश कधीच विसरत नाही. वाक्य घालणारी टाचणी, बारा वर्षांपूर्वी. तेव्हा नियमही नवे होते आणि तीही, संदर्भबिंदर्भ काही दिलेला नव्हता. वर्तमानपत्रातला लेख त्यानंतर दोन वर्षांनी आला होता, पुस्तक त्याच्याही नंतर. आणि तो पहिला संदर्भ वाक्याला टाचणारीही टाचणीच. आपल्याच वाक्याला छापील आधार सापडला म्हणून त्या दिवशी ती किती खूश झाली होती, हेसुद्धा तिला आठवलं. वर्तमानपत्राने ते वाक्य आणलं कुठून, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

तिने वाक्य काढलं. चार मिनिटांत ‘कात्री’ नावाच्या दुसऱ्या संपादकाने ते परत घातलं.

कात्री म्हणजे कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पुरुष की बाई, म्हातारा की तरणा, काही नाही. नऊ वर्षांपूर्वी तो नवखा म्हणून आला तेव्हा तिनेच त्याला हाताशी धरून सगळं शिकवलं होतं. दोघांनी मिळून शंभरावर तलाव आणि नद्या लिहून काढल्या होत्या. आणि आता तो नाकावर माशी बसू देत नव्हता.

‘दोन संदर्भ आहेत,’ त्याने लिहिलं. ‘नातेवाईक म्हणाले म्हणून काढायचं नसतं. हे तुम्हीच शिकवलंत.’

‘वाक्य चुकीचं असावं असं वाटतं,’ तिने लिहिलं.

‘वाटण्याला इथे काय किंमत आहे ते तुम्हाला सांगायला नको.’

मग नेहमीचे लोक धावून आले आणि आठ दिवस चर्चेचं गुऱ्हाळ चाललं. एकाने ‘झोपला असल्याचे म्हटले जाते’ अशी तडजोड सुचवली. दुसऱ्याने तडजोडीला संदर्भ मागितला. तिसऱ्याला या वादात काही रस नव्हता, त्याला धरणाची उंची मीटरमध्ये हवी होती. टाचणी हे सगळं वाचायची आणि तिला नुसता थकवा यायचा. हेच लोक, हेच मुद्दे, बारा वर्षं. आणि तिकडे एक म्हातारा माणूस घरात बसून होता.

नवव्या दिवशी तिने अण्णांना विचारलं. संध्याकाळी ती त्यांचे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवून द्यायची, तेव्हा ते बोलायच्या लहरीत असत.

“अण्णा, पुराच्या दिवशी तो गेट ऑपरेटर झोपला होता ना?”

“झोपलाच होता तो.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मी कसा पाहणार? मी नव्हतो तिथे.”

ती उकिडवी बसली होती, तशीच राहिली. ही गोष्ट तिने जेवताना शंभरदा ऐकली होती. पाहुण्यांना सांगताना ऐकली होती. अण्णा त्या गोष्टीत नव्हते असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मग कुठे होतात?”

“घरी. जेवायला आलो होतो. जेवलो, जरा पडलो.”

“आणि दरवाजे उघडायचा हुकूम कोणी द्यायचा होता?”

अण्णांनी टबातले पाय हलवले. “मीच. पण फोनच्या तारा तुटल्या होत्या ना. तो तरी काय कळवणार.”

“मग तो झोपला होता हे कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणत होते. चौकशीतपण तेच आलं, पण तो अहवाल कधी बाहेर आलाच नाही.” पाय वर घेत ते म्हणाले, “पाणी गार झालं गं.”

तिने केटलीतलं गरम पाणी ओतलं. तिला भयंकर राग आला होता, पण समोर चौऱ्याऐंशी वर्षांचे सुजलेले पाय होते आणि त्यांच्यावर काय राग काढणार. झोपला होता एक आणि आळ होता दुसऱ्यावर, आणि तो आळ सगळ्या जगाला वाचायला मिळेल अशा जागी तिने स्वतःच्या हाताने नेऊन ठेवला होता.

“चार वाजून दहा मिनिटांनी पाणी चढलं ना?” तिने उगाच विचारलं.

“कसली दहा मिनिटं? मी आपलं चारच्या सुमारास म्हणतो.”

तेव्हा तिला आठवलं. ‘चारच्या सुमारास’ हे कोशात पुळचट दिसत होतं. पक्की वेळ असली की वाक्याला वजन येतं म्हणून तिने दहा मिनिटं पदरची घातली होती.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने चर्चापानावर लिहायला घेतलं. लिहिलं, की हे वाक्य मी ऐकीव माहितीवरून घातलं. वर्तमानपत्राने ते इथून उचललं आणि पुस्तकाने वर्तमानपत्रातून. पुरावा म्हणजे चार वाजून दहा मिनिटं. दोन्हीकडे हीच वेळ आहे आणि ती मी मनाने घातलेली आहे. इतिहासातल्या तारखा ताडून पाहाव्यात. थोडक्यात, या वाक्याला एकही संदर्भ नाही, फक्त मी आहे.

अण्णांच्या झोपेबद्दल तिने अक्षर लिहिलं नाही. त्यालाही संदर्भ नव्हताच. इतक्या वर्षांत नियम पहिल्यांदाच तिच्या सोयीचा निघाला, आणि तिला त्याची लाज वाटली.

 रात्री कात्रीचं उत्तर आलं. ‘तारखा तपासल्या. बरोबर आहे. वाक्य काढलं.’ आणि खाली: ‘तुमची त्या काळातली बाकीची संपादनंही तपासावी लागतील.’

त्यात खुन्नस नव्हती. त्याच्या जागी तिनेही हेच लिहिलं असतं. ‘तपासा,’ तिने लिहिलं, ‘मीही बसते.’ मग दोघं तिच्या जुन्या लेखांवर बसले, एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने ती, जसे पूर्वी नद्यांवर बसायचे. चार दिवसांत एकोणचाळीस वाक्यं उडाली. त्यातली सव्वीस तिने स्वतः उडवली. मेहनतीने बसवलेली भिंत आपल्याच हाताने उतरवावी तसं ते काम होतं, आणि ते करताना ती एकदाही कात्रीशी वाद घालू शकली नाही.

पाचव्या दिवशी ऑपरेटरच्या मुलीचा निरोप होता.

‘आभारी आहे. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, आता काय लिहिलंय? मी म्हटलं, आता तुमच्याबद्दल काहीच नाही. ते म्हणाले, नुसतं काढून काय उपयोग, वाचायचं ते लोकांनी वाचलं. मी जागा होतो हे लिहायला सांग. तेवढं लिहाल का?’

खाली कात्रीचं उत्तर आधीच आलेलं होतं. ‘त्याला संदर्भ लागेल.’

वाक्य तिचंच होतं. तिच्याचकडून तो ते शिकला होता, आणि नियमाने त्यात तसूभर चूक नव्हती. तिने लॅपटॉप मिटला आणि साडेतीन वाजायच्या आधीच सकाळच्या नळ्या धुवायला घेतल्या.

संध्याकाळी टबात पाणी ओतताना ती म्हणाली, “अण्णा, तो गेट ऑपरेटर जागा होता.”

“कोण म्हणतं?”

“त्याची मुलगी. आणि तो स्वतः. अजून आहे तो. घराबाहेर पडत नाही.”

अण्णांनी वाकून पोटऱ्यांवर पाणी घेतलं. ते विसरले असं वाटून ती उठायला लागली, तेव्हा ते म्हणाले, “जागाच असणार. मी निघालो तेव्हा म्हणाला होता, साहेब, लवकर या.”

ती पुन्हा खाली बसली.

“तू लिहितेस ना त्या कोशात?” अण्णांनी विचारलं. “मग लिही.”

“तिथे चालत नाही ते. छापलेलं लागतं.”

“मग तिला लिही. त्याच्या मुलीला.”

“तुमचं नाव येईल त्यात, अण्णा.”

“येऊ दे. टॉवेल दे.”

तिने त्यांचे पाय पुसले, मोजे चढवले आणि तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला. त्या बाईला तिने दोन ओळी लिहिल्या. तुमचे वडील जागे होते. हे कोशात येणार नाही, पण त्यांना वाचून दाखवा.

मग बारा वर्षांच्या सवयीने तिने खाली संदर्भ दिला: माझे वडील. दरवाजे उघडायचा हुकूम त्यांनी द्यायचा होता, आणि त्या दुपारी ते घरी झोपले होते.