तीन पट्ट्यांची रांग

कारखान्यांच्या तळवड्याला संपाचं कौतुक राहिलेलं नाही. इथे इतक्या गेट मीटिंगा होऊन गेल्यात की घोषणा कानावर आल्या तरी टेम्पोवाला मान वळवत नाही. त्या सकाळी मात्र वळवली. विमान कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाबाहेर पांढरेशुभ्र शर्ट, काळे टाय आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या अशी माणसं फलक धरून उभी होती, आणि तीही मुकाट. आत नव्या कराराची बोलणी व्हायची होती. बाहेर सुट्टीवरचे पायलट शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत उभे होते.

पुढे चार पट्ट्यांचे कॅप्टन, मागे तीन पट्ट्यांचे सहवैमानिक. असं उभं राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय जाते कुठे? मागच्या रांगेत मिनल ओव्हाळ होती. तिचे वडील बुद्धरत्न पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, संपात मुरलेले गृहस्थ. सकाळी लेक घरातून निघाली तेव्हा त्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि एवढ्या कडक इस्त्रीत संप होत नसतो, असा शेरा मारला. मग सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडायला आले आणि वॉचमनला कारण नसताना सांगितलं की, आमची मिनल आज संपावर आहे. बाप भलताच खुशीत होता.

मागणी साधी होती. ओळीने रात्रीच्या ड्युट्या झाल्या की पुरती झोप मिळावी. मागच्या महिन्यात विमान उतरत असताना मिनलचे डोळे क्षणभर मिटले होते. मागे भरलेलं विमान होतं. त्या क्षणाची भीती अजून गेली नव्हती. कॅप्टन होण्यापेक्षाही तिला ही झोप हवी होती. अर्थात कॅप्टन व्हायचं होतंच, आणि त्यासाठी शिफारस लागणार होती ती पुढच्या रांगेतल्या रंगराव जगदाळ्यांची. त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि वाटाघाटींचे पुढारीही तेच होते.

दुपारी कंपनीच्या अधिकारी रश्मी देशमुख हसत बाहेर आल्या आणि जगदाळ्यांना बाजूला घेऊन बोलल्या. परत येऊन जगदाळ्यांनी रांगांना सांगितलं की, झोपेचा नियम कंपनीला मान्य आहे, पण सध्या फक्त कॅप्टनांसाठी. सहवैमानिकांचं पुढच्या वर्षी नक्की. पदरात पडतंय ते घेऊ आणि सही करून टाकू. पुढच्या रांगेने माना डोलावल्या, मागची आपल्या बुटांकडे बघू लागली. पुढचं वर्ष ही मोठी सोयीची जागा आहे, तिथे काहीही ठेवून देता येतं.

मिनलला संताप आला. पण शिफारसही आठवली. तोवर जगदाळ्यांचा एक पाय फाटकाच्या आत पडला होता.

"कॅप्टन," ती मागून खणखणीत आवाजात म्हणाली, "गो-अराउंड."

विमान उतरत असताना दोघांपैकी एकाला जरी काही खटकलं, तरी त्याने एवढंच म्हणायचं. मग उतरणं सोडून विमान पुन्हा वर न्यायचं. म्हणणारा काल नोकरीला लागलेला का असेना, कॅप्टनने वाद घालायचा नाही. कारण विचारायचं ते वर गेल्यावर. ज्याला हे खपत नाही त्याने विमान चालवू नये, असं याच केंद्रात शिकवलं होतं ते जगदाळ्यांनीच.

त्यांचा पाय जागीच थांबला. मान लाल झाली. हे काय कॉकपिट आहे का, असं एक कॅप्टन पुटपुटला. मिनल मागे सरली नाही. जगदाळ्यांनी पाय बाहेर घेतला. आज सही होणार नाही, असं रश्मीबाईंना सांगितलं आणि सरळ मागच्या रांगेपाशी आले.

"आता कारण सांगा."

"सर, तुम्ही झोप काढून याल आणि शेजारी मी पेंगत असेन. ते विमान तुम्ही न्याल?"

"नाही न्यायचो," ते म्हणाले. त्यांना लाज वाटली होती आणि ती त्यांनी लपवली नाही. ते तिथेच, तिच्या शेजारी उभे राहिले. हळूहळू बाकीचे कॅप्टनही मागे आले, एकदोघे कुरकुरत, पण आले. आता समोरून बघणाऱ्याला कुठली रांग कुणाची ते कळेना. रश्मीबाईंनाही कळेना. अखेर त्यांनी दोघांना आत बोलावलं, जगदाळ्यांना आणि मिनलला.

आत बोलली मिनल. डोळे मिटल्याचं तिने न लाजता सांगितलं, तेव्हा टेबलापलीकडे कुणाला मान वर करवेना. संध्याकाळी झोपेचा नियम सगळ्यांना एकसारखा लागू झाला.

बाहेर पडताना जगदाळे म्हणाले, "ओव्हाळ, तुमची शिफारस उद्या देतो. पण एक लक्षात ठेवा. कॅप्टन झाल्यावर मागून कुणी तुम्हाला असं थांबवलं, तर राग येईल. मला आज फार आला."

"आणि मग, सर?"

"मग वळायचं."