दक्षिणेचा बांध

धाकटी जाऊ खाकी सदरा घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावरून गेली आणि मिठागरात मीठ ओढणाऱ्या थोरलीनं फावडं आपटलं.

"वीस वर्षं या खारट पाण्यात माझे पाय कुजले. पाखरांचं सगळं मी सांगायचं, अन् पगार हिला!"

मी शेजारीच पाट्या भरत होते. म्हटलं, "अगं, ती सातवी शिकलीय. तिला वही लिहिता येते."

"लिहिते काय? मी सांगते तेच ना!"

खोटं नव्हतं ते. सरकारनं खाडीला लागून असलेल्या पाखरांच्या तळ्याभोवती तार ओढून राखीव हद्द केली, राखणीला धाकटीला घेतलं. तेव्हापासून रोज चुलीपाशी बसून ती थोरलीला विचारायची, वहीत उतरवायची, आणि साहेब तिला शाबासकी द्यायचे.

त्याच दिवशी सकाळी धाकटी म्हणाली होती, "ताई, आज उधाण आहे. घरट्यांना आडोसा म्हणून बांध घालते. अंडी कुठल्या अंगाला आहेत?"

पीठ मळता मळता थोरली म्हणाली, "उत्तरेला."

अंडी होती दक्षिणेला.

दुपारी पाणी चढलं. दक्षिणेकडं पाखरांनी नुसता कल्लोळ मांडला. लांब उत्तरेला धाकटी एकटीच, रिकाम्या चिखलाला बांध घालत होती. थोरली बघत राहिली. घटकाभर तिच्या तोंडावर समाधानही दिसलं मला. मग काय झालं कोण जाणे, फावडं उचलून ती तारेखालून आत घुसली. गुडघाभर चिखलात, पाखरं डोक्यावर चोची मारत असताना, तिनं एकटीनं बांध उभा केला. पाणी बांधाला टेकलं आणि थांबलं.

तेवढ्यात साहेब आले. "कोण गं तू? आत यायला बंदी आहे, ठाऊक नाही?"

धाकटी धापा टाकत पोचली. तिनं अंडी पाहिली, थोरलीकडं पाहिलं. तिला सगळं कळलं.

"माझी मोठी जाऊ आहे, साहेब. जागा मी चुकले, अंडी हिनं वाचवली. वहीतलंसुद्धा सगळं हिचंच. मी नुसती लिहिते."

साहेबांनी मान डोलावली. मग धाकटीला म्हणाले, "इतकं खरं बोलणारं माणूस मिळत नाही, बाई. तुला निवडलं ते बरोबरच केलं."

चिखलानं माखलेली थोरली माझ्याजवळ येऊन बसली.

"बघितलंस? मीच खरं सांगणार होते," ती म्हणाली, "तेवढ्यात हिनं तोंड उघडलं!"