बाकड्यावरचा नंबर

"हात नको लावूस!" घार ओरडला. "अजून वेळ आहे."

पॉलिशवाल्याने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. "अरे, मिनिटसुद्धा राहिलं नाही. तो डिंक्या नेईल ना खुर्ची."

"नेऊ दे की. नेली असं वाटू दे त्याला."

दोघं गोदामात लॅपटॉपसमोर बसले होते. आजूबाजूला पाय मोडलेली टेबलं, दारं निखळलेली कपाटं, डाग पडलेले आरसे. असलं जुनं सामान ऑनलाइन लिलावात स्वस्तात उचलायचं, पॉलिशवाल्याकडून चकाचक करून घ्यायचं आणि हॉटेलवाल्यांच्या गळ्यात मारायचं, हा धंदा. 'घार' हे नाव पॉलिशवाल्यानेच ठेवलेलं. दिवसभर वर गिरक्या घालायच्या, खाली कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि मग एकच झडप.

झडपेचे नियम होते. लवकर बोली लावायची नाही. लावली की चार डोळे वळतात, इथं काहीतरी आहे म्हणून. गोल आकडा टाकायचा नाही, कारण सगळे गोल आकड्यावरच अडतात. किती वर जायचं ते डोकं थंड असताना ठरवायचं आणि तो आकडा अगदी शेवटच्या सेकंदाला टाकायचा. समोरच्याला विचार करायला वेळच मिळता कामा नये. पण सगळ्यात मोठा नियम वेगळा होता. वस्तूच्या प्रेमात पडायचं नाही. पडला तो बुडाला.

डिंक्या पडला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. साइटवर बोली लावणाऱ्यांची नावं दिसायची नाहीत, नुसते तारे दिसायचे. पण हा ओळखू यायचा. लिलाव उघडला त्या दिवशी पहिली बोली त्याची. कोणी जरा पुढे गेलं की हा लगेच तेवढंच पुढे. पुन्हा कोणी गेलं, पुन्हा हा. चिकटला म्हणजे चिकटलाच. म्हणून डिंक्या.

"बिचारा रे," पॉलिशवाला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बसलाय."

"बिचारा कसला? सलूनच्या जुन्या खुर्चीसाठी एवढा जीव टाकतो माणूस? त्याला खुर्ची नको, डॉक्टर हवा."

दोघं खो-खो हसले. हसता हसताच घारने बटण दाबलं. पडदा क्षणभर अडकला आणि मग हिरवी पट्टी आली. खुर्ची घारची झाली.

"गेला!" घारने टेबलावर थाप मारली. "डिंक्या सुटला!"

खुर्ची लोखंडी होती, जडशीळ, पायाने पंप मारला की वर जाणारी. कोणीतरी तिला काळा रंग फासून, लाल रेक्झिन चढवून विकायला काढलं होतं. खाली बारीक अक्षरांत दोष लिहिला होता : दोन्ही हातांवर खोल खाचा. घारने आधीच गिऱ्हाईक हेरून ठेवलं होतं. नवीन कॅफे काढलेल्या एक बाई. त्या तर म्हणाल्या, "खाचा राहू द्या हो, जुनं दिसायला नको का?" दुसऱ्या दिवशी सकाळी विकणाऱ्याच्या दारातून टेम्पो निघाला तो थेट कॅफेत. घारने खुर्चीचं तोंडही पाहिलं नाही. मध्ये गोदामात उतरवायची म्हणजे हमालीचा भुर्दंड.

खुर्ची पोचली त्या संध्याकाळी तो शीळ घालतच घरी आला. त्याचे वडील, आप्पा, दाराजवळ बसले होते. टीव्ही बंद. हातात फोन, आणि उजवा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता.

"बरं झालं आलास," आप्पा म्हणाले. "जरा बघ. यांच्याकडे तक्रार कुठे करायची असते?"

"कसली तक्रार?"

"माझा पहिला नंबर होता. आणि दिली दुसऱ्यालाच."

घारने फोन घेतला. पडद्यावर लाल खुर्ची होती. खाली लिहिलेलं : लिलाव संपला. तुमची बोली मागे पडली.

घारने बोलींची यादी उघडली; पहिलीच बोली आप्पांची होती.

"ही... ही तुम्हाला कशाला हवी होती, आप्पा?"

"कशाला म्हणजे? माझीच आहे ती."

"कशावरून? अशा शंभर असतात."

आप्पांनी फोटो बोटांनी मोठा केला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा झाला. "हे बघ. फळीच्या खाचा. पोरं बुटकी, म्हणून हातांवर आडवी फळी टाकून वर बसवायचो. दुसरी पोरं गप बसायची. तू भोकाड पसरून फळी पुढे-मागे घासायचास. निम्म्या खाचा तुझ्याच आहेत."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तरी मी म्हणत होते आप्पांना, त्यालाच सांगा, त्याचा धंदाच आहे तो. तर म्हणे, नको, तो हसेल. शेवटी मीच शिकवलं सगळं. काय घ्यायचंय तेसुद्धा सांगितलं नाही मला!"

घार खाली बसला.

आप्पांचं सलून त्यानेच रिकामं केलं होतं. हात थरथरायला लागला, वस्तरा धरवेना, आप्पा दवाखान्यात होते. जागेचा मालक मागे लागलेला. घारने भंगारवाल्याला बोलावलं आणि आरसे, कपाट, खुर्ची, सगळं एका फेरीत काढलं. घरी आल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं होतं, "खुर्ची?" घार म्हणाला होता, "भंगार होतं आप्पा, ठेवून काय करणार?" आप्पा "बरं" म्हणाले होते. विषय संपला, असं घारला वाटलं होतं.

"आप्पा," तो आता म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, "लिलावात नंबर नसतो. जो जास्त बोलतो त्याची वस्तू."

"मग मीपण बोललो असतो की जास्त! मला विचारलं का कोणी? शटर ओढायच्या वेळेला कोणीतरी आत घुसला आणि थेट खुर्चीत जाऊन बसला. ही काय पद्धत झाली?"

आप्पांच्या दुकानात भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं. जो आधी टेकला, तो आधी खुर्चीत. कडक इस्त्रीचा साहेब आला तरी आप्पा कात्रीने बाकडं दाखवायचे. एकाचं झालं की टॉवेल झटकायचे आणि हाक मारायचे, "पुढचा!" त्यांचं सगळं जग तेवढ्या एका बाकड्यावर चाललं. म्हणून तर लिलाव उघडताच त्यांनी पहिली बोली लावली होती, आणि कोणी पुढे घुसलं की आकडा वाढवून आपली जागा परत धरली होती. आपण बसलोय. आपला नंबर येईल.

जेवताना आप्पांचा राग उतरला. तो उतरला ते जास्त वाईट झालं.

"घाई असेल बिचाऱ्याला," ते म्हणाले.

"कोणाला?" बायकोने विचारलं.

"ज्याने नेली त्याला. अगं, माझ्याकडे यायचे ना घाईवाले. कोणाची गाडी सुटायची असायची, कोणाचं लग्न, कोणाच्या घरी मयत. मी कधी नाही म्हटलं नाही. फक्त म्हणायचो, बाबा, बाकड्यावरच्यांना विचार. आणि खरं सांगतो, विचारलं की कोणीच नाही म्हणत नाही. मीसुद्धा सोडला असता नंबर. पण विचारायला हवं होतं त्याने."

घारच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला.

"काय रे, गिळत का नाहीस?" बायको म्हणाली.

"दाढ दुखतेय," घार म्हणाला.

सकाळी गोदामात पॉलिशवाल्याने सगळं ऐकून घेतलं. रंध्याची धार बघत बसला.

"सांगून टाक," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगू? तुम्हाला डॉक्टर हवा म्हणून हसलो, हे सांगू?"

"मीपण हसलो रे," पॉलिशवाला म्हणाला आणि रंधा खाली ठेवून बाहेर गेला.

घारने कॅफेवाल्या बाईंना फोन लावला. दुप्पट देतो म्हणाला.

"अहो, फरशी फोडून बोल्ट ठोकलेत तिचे! कालपासून लोक नुसते तिच्यात बसायला येतायत. का, दुसरं कोणी जास्त देतंय वाटतं?"

"नाही हो. घरचीच आहे ती. वडिलांची."

"मग विकलीत कशाला?"

घारने घसा खाकरला. बाई जरा नरमल्या. "बरं, पुढेमागे काढायची झालीच, तर पहिला नंबर तुमचा. बस?"

पहिला नंबर! घारने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

मग त्याने अर्धं खरं सांगितलं. "आप्पा, खुर्ची कुठे आहे ते कळलं. परत मिळणार नाही, पण बघता येईल. येता?"

आप्पांनी डाव्या हाताने दाढी केली. हनुवटीवर कापलं, तिथे कागदाचा कपटा चिकटवला. इस्त्रीचा शर्ट घातला आणि कपाटातून एक पांढरा नॅपकीन काढून, घडी घालून खिशात ठेवला. वाटेत एकदाही विचारलं नाही, तुला कसं कळलं म्हणून. घार मात्र मनात वाक्यं जुळवत होता. सिग्नलला सांगू. नको, मागे गाड्या आहेत. गाडी लावली की सांगू. गाडी लावली. दारात सांगू. दार आलं, तसं पोटातून कोणीतरी म्हणालं, अजून वेळ आहे.

खुर्ची खिडकीशी होती, उन्हात. तिच्यात एक मुलगी बसून फोटो काढत होती, मैत्रीण तिला गरागरा फिरवत होती. भिंतीलगत फोटोसाठी थांबलेल्यांना एक बाकडं होतं. त्यावर एक नवरा-बायको बसले होते. आप्पा जाऊन त्यांच्या शेजारी टेकले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

"आप्पा, थांबायचं कशाला? मी सांगतो ना त्यांना उठायला. ओळख आहे माझी."

"ते आधी आलेत," आप्पा म्हणाले. "बस."

घार बसला. मुली उठल्या. नवरा-बायको उठून खुर्चीकडे गेले. बायको खुर्चीत बसली आणि नवरा मोबाइल आडवा-उभा करायला लागला. आता फक्त हे दोघं, आणि मग आपला नंबर. घारने ठरवलं, नंबर यायच्या आत सांगायचं. कॉफीच्या यंत्राने फुस्स केलं, ते थांबलं की सांगू. यंत्र थांबलं. नवरा म्हणाला, "झालं, ऊठ." घारने श्वास घेतला.

"आप्पा, ती खुर्ची..."

"अरे वा! खुर्चीवाले दादा!" काउंटरमागून बाई टाळी वाजवत आल्या. "स्वतः आलात! आणि हे वडील का? काका, तुमचा मुलगा म्हणजे कमाल माणूस. मला म्हणाला, काळजी करू नका, समोरचा कितीही चिकटू दे, शेवटच्या सेकंदाला उडवतो त्याला. आणि उडवला! बसा हं, कॉफी पाठवते."

बाई गेल्या.

आप्पा समोर बघत होते. गुडघ्यावरच्या उजव्या हातावर त्यांनी डावा ठेवला. घारला वाटलं ते काहीतरी बोलतील. ओरडतील. निदान विचारतील. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण शब्दांची वेळ गेली होती. दुसरंच कोणीतरी आधी बोलून गेलं होतं.

खुर्ची रिकामी झाली.

आप्पा उठले. खुर्चीत बसले नाहीत. तिच्या मागे जाऊन उभे राहिले, जिथे ते जन्मभर उभे होते तिथे. खिशातून नॅपकीन काढला, बैठक पुसली, डोकं टेकायची जागा पुसली. हातांवरच्या खाचांवरून एकदा अंगठा फिरवला. मग पायाने पंप चाचपला आणि दाबला. खुर्ची कुरकुरली आणि हळूच वर आली. त्यांनी नॅपकीन झटकला.

"पुढचा," आप्पा म्हणाले.

बाकड्यावर घार एकटाच होता.

तो जाऊन बसला. दोन्ही तळवे बरोबर खाचांवर पडले. मागून दोन बोटं डोक्यावर टेकली, थरथरत. घारने न सांगता मान खाली घातली.