लासोनच्या तीन गाई

गाईच्या पुढच्या खुराची समोरची बाजू, केसांच्या कडेपासून टोकापर्यंत, साडेसात सेंटिमीटर असावी. आठ असली तरी चालते. तिसऱ्या गाईची नऊ पूर्णांक दोन भरली. नेकानेने पट्टी पुसून पुन्हा लावली. नऊ पूर्णांक दोनच.

बाकी सगळं ठीक होतं. खालच्या जबड्यात मधले दोन दात पक्के, उरलेले दुधाचे; म्हणजे गाय दोन वर्षांची. तिघींचा रंग एकच, पिकल्या गव्हाचा. शिंगांची वळणंही सारखी. करारात एवढंच मागितलेलं होतं: एका वयाच्या, एका रंगाच्या, निर्दोष अशा तीन गाई.

करार तेराशे शहात्तर सालचा. त्याआधी डोंगराच्या ह्या अंगाचं उर्झाल आणि त्या अंगाचं लासोन एका झऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडत होती. दोन्हीकडचे सरदार शेवटी कंटाळले आणि त्यांनी निवाडा केला. झरा दोघांचा, पण पहिला दगड लासोनने मारला, म्हणून लासोनने दर जुलैत खिंडीतल्या सीमेच्या खांबापाशी तीन गाई आणून द्यायच्या. गाई आल्या की वर्षभर शांतता. पुढे ते सरदार गेले, त्यांचे राजे गेले. घर थोरल्याला मिळायचं म्हणून धाकटे जहाजात बसून अमेरिकेला गेले. खिंडीत दोन देशांचे पहारे बसले आणि उठले, दोन्हीकडे एकच नाणं आलं. गाई मात्र येत राहिल्या.

गेली एक्केचाळीस वर्षं त्या आर्नो आणत होता. नेकाने उर्झालची जनावरांची डॉक्टर. गाई तपासायचं काम तिच्याकडे आल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि ह्या नऊ वर्षांत आर्नोच्या गाईचा खूर साडेसातच्या पुढे गेलेला तिने पाहिला नव्हता.

“काय डॉक्टरीणबाई, चष्मा बदललास का?” आर्नो म्हणाला. “दात बघायला एवढा वेळ लागतो?”

“दात केव्हाच झाले, काका. मी पायाशी आहे.”

“पाय चार आहेत. घरून मोजून आणलेत.”

उर्झालचा सरपंच ब्लास मानाचा पट्टा सावरत जवळ आला. त्याच्यामागे गवतावर दोन्ही गावांची माणसं बसली होती आणि मोठ्या पातेल्यात कोकराचं मटण शिजून तयार होतं.

“नेकाने, मटण निवतंय. गाय सदोष असेल तर सांगून टाक, आम्ही लढाईला मोकळे.”

“तुमच्याकडून लढणार कोण?” लासोनची सरपंच सोलांज खांबाला टेकून उभी होती, तिने विचारलं.

“मी. आणि माझे दोन गुडघे, आले तर.”

“अर्धा तास द्या,” नेकाने म्हणाली. ती जीपमधून खूर कापायची कात्री आणि कानस घेऊन आली. “काका, डोकं धरा हिचं.”

आर्नोने दावं आखडून धरलं. नेकाने वाकली, गाईचा पाय तिने आपल्या गुडघ्यावर घेतला. खालून तिला आर्नोचे बूट दिसत होते. डाव्या बुटाची नाडी तीन गाठींनी बांधलेली होती, कधीच सोडावी लागू नये अशी.

“पानगळीपासून तुम्ही वाकला नाहीत,” ती हळू आवाजात म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“खूर म्हणतात.”

“गाईसुद्धा चुगल्या करायला लागल्या.”

“ऑपरेशनची तारीख होती ना?”

“होती.”

“कितव्यांदा होती?”

“तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी गाय व्यायला आली. दुसऱ्या वेळी गवत कापायचं होतं.”

“आणि तिसऱ्या वेळी?”

“सर्जन फारच तरुण वाटला.”

नेकानेने खुराचा एक तुकडा कापला. तो गवतात पडला आणि ब्लासच्या कुत्र्याने लगेच पळवला.

“मग कळप विका, काका.”

“अगं, मी विकला तर लासोनमध्ये गाय उरते का एक तरी? जो तो मेंढ्यांकडे वळला, नाहीतर भटक्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतोय. माझी मुलगी ब्रुसेल्सला, युरोपच्या कचेरीत. गाईच्या कानातल्या बिल्ल्यांच्या नियमांचं भाषांतर करते. गाईचा कान धरून तिला पंधरा वर्षं झाली.” हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार जास्त होती की अभिमान, ते गाईलाच ठाऊक. मग त्याने गाईची मान थोपटली. “प्लेगात ह्या गाई आणल्या लोकांनी. महायुद्धात शिपाई रस्ता अडवून बसले, तर रानातून चढवून आणल्या. आणि आता लिहितील, आर्नोची कंबर दुखली, करार संपला.”

“कंबर नाही, खुबा.”

“घे, त्यातही चूक काढ.”

नेकानेने कानस फिरवली. ‘निर्दोष’ म्हणजे नेमकं काय, हे पाहायला तिने पहिल्याच वर्षी कचेरीतली कराराची नक्कल वाचून काढली होती, दोनदा.

“करारात ‘आणाव्यात’ असं आहे,” ती म्हणाली. “‘पाळाव्यात’ असं कुठंच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे विकत घेऊनही आणता येतात.”

“कुणाकडून?”

“आमच्याकडे दोनशे दहा आहेत. बिल्ले मीच तपासते, प्रत्येकीची आई-आजी नोंदलेली असते. त्यातल्या एकशे चौतीस तुम्ही आणलेल्या गाईंच्या लेकी, नाती, पणत्या.”

“एकशे चौतीस?”

“दोन गाभण आहेत, त्यांची वासरं धरली तर आणखी.”

आर्नोने खिंडीच्या दक्षिणेकडे पाहिलं. खाली उर्झालच्या कुरणात ठिपके हलत होते, गव्हाच्या रंगाचे. त्याच्या गोठ्यात आता एकोणीसच होत्या.

“म्हणजे सकाळी तुमच्याकडून घ्यायच्या आणि दुपारी तुम्हालाच द्यायच्या,” तो म्हणाला. “ब्रुसेल्सवाल्यांना माल फिरवत ठेवायचा असतो म्हणे, पण इतका? लोक हसतील.”

“तुमच्या गाठी मारलेल्या बुटांना लोक आत्ताच हसतायत. मागच्या बाजूला बसून.”

“तू खूर काप,” आर्नो म्हणाला. पुढे तो गाईशीच काहीतरी पुटपुटत राहिला.

पाय खाली ठेवून नेकानेने पट्टी लावली. सात पूर्णांक आठ. तिने कागदावर ‘निर्दोष’ लिहून सही केली, आणि लोक मटणाकडची नजर काढून खांबाकडे वळले.

रीतीप्रमाणे ब्लासने खांबावर हात ठेवला. त्याच्या हातावर सोलांजने, मग पुन्हा इकडच्या एकाने, तिकडच्या एकाने. हातांची चळत झाली.

“शांतता?” ब्लासने विचारलं.

“शांतता,” सोलांज म्हणाली. “पुढंही शांतता.”

आता दावी ब्लासच्या हाती यायची आणि आर्नोने मागे सरायचं. दोन दावी आली. तिसरं येईना. ब्लासने हळूच ओढून पाहिलं.

“काका, सोडा की.”

“सोडतो. एक्केचाळीस वर्षं सोडतोय, तुझ्या बापाने कधी एवढी घाई केली नाही.”

लोक हसले. आर्नो हसला नाही. त्याने तोल सावरायला एक हात गाईच्या पाठीवर ठेवला, आणि नेकानेला दिसलं की तो आज पहिल्यांदाच सगळ्यांदेखत आपलं वजन दुसऱ्या कुणावर टाकतोय.

“सोलांज,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षीच्या तीन गाई तू ब्लासकडून विकत घे. शेजारी म्हणून मागेल तो भाव देऊ नकोस, हा मुळात माझाच माल आहे.”

“तुमच्या असताना मी विकत कशाला घेऊ?”

“माझ्या नसतील. मी कळप विकतोय. सप्टेंबरात, सगळा.”