कोरड्या घशाचं व्रत

"तो थर्मास आत ठेव, संयोगिता. उपास पोटाचा असतो तसा घशाचाही असतो."

तानूबाईंनी हे सगळ्यांदेखत सुनावलं, तेव्हा संयोगिताच्या हातातलं झाकण कोमट पाण्यानं भरलेलं होतं. तिनं ते मुकाट्यानं परत ओतलं.

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या चर्चमध्ये कन्नड मंडळीची उपासना आटोपली की मराठी मंडळीची तीसेक घरं जमत. त्यांच्या गायनमंडळाचा कारभार अठरा वर्षं तानूबाईंच्या हाती होता. नियम त्यांच्या दिवंगत सासऱ्यांनी घालून दिलेला. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, त्याआधीचे चाळीस दिवस गाणाऱ्यांनी सरावाला पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि शुक्रवारी तर पहाटेपासून उपासना संपेपर्यंत नाही.

१९९६ चा मार्च संपत आला होता. भिंती तापून निघत होत्या. तेवीस वर्षांची संयोगिता राजाजीनगरातल्या एका शाळेत दिवसभर पन्नास पोरांवर आवाज चढवायची आणि तिथून बसनं थेट सरावाला यायची. उत्तम शुक्रवारी प्रभूच्या शेवटच्या सात वचनांवर सात गीतं होत. त्यातलं पाचवं एकटीनं म्हणायचं असे, आणि यंदा ते तिच्याकडे होतं. दहा दिवस झाले, तिचा आवाज बसलेलाच होता.

"अक्का, स्वल्प खालून धरू का?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"सूर उतरला की भक्ती उतरते. आमच्या वेळी ही असली नाटकं नव्हती."

पेटीवरच्या मालोजीअण्णांनी तानूबाईंकडे एकदा पाहिलं आणि भाता ओढला. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुराला संयोगिताच्या तोंडून नुसती हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"प्रार्थना कमी पडतेय तुझी," तानूबाई म्हणाल्या.

बायांनो, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय, आणि कितीजणींनी ऐकवलंय!

पुढच्या दोन सरावांना संयोगिता आलीच नाही. तानूबाई तणतणत तिच्या घरी गेल्या. मालोजीअण्णा आधीच तिथं कॉफी पीत बसले होते. संयोगितानं नमस्कार केला, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. वहीत लिहून ती पुढे केली: 'मल्लेश्वरमच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलू नको म्हणून सांगितलंय. आतल्या पडद्यांना सूज आहे.'

"बरं, कुजबुजत तरी बोल. आम्ही काय परके?"

"कुजबुजणंही बंद. त्यानंही घसा ओढला जातो," मालोजीअण्णा म्हणाले. "मीच नेलं होतं तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता गायलीस तर हा आवाज कायमचा जाऊ शकतो. घोटघोट पाणी पी, आपल्या पट्टीत गा, घसा दुखला की थांब. त्यांना आपलं व्रत सांगितलं तर त्या माझ्याच तोंडाकडे बघत राहिल्या. लाज वाटली मला."

"डॉक्टरला काय कळतंय भक्तीतलं?"

"सरी, ठीक. मग भक्तीतलंच विचारतो. पाचवं गीत कशावर आहे, अक्का?"

"प्रभूच्या तहानेवर."

"वधस्तंभावर असताना प्रभूनं तहान लपवली नाही. चारचौघांत सांगितली. आणि तेच गीत म्हणणाऱ्या पोरीचं पाणी आपण बंद केलं."

तानूबाईंचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "मामंजींनी घालून दिलेला नियम आहे."

"तुमच्या मामंजींनी जन्मात एक ओळ गायली का? पहिल्या बाकावर बसायचे. आणि मधेच उठून मागच्या खोलीत ताक प्यायचे. तांब्या मीच नेऊन द्यायचो. वयाची सूट म्हणायचे."

संयोगिताला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं.

"माझा आवाज गेला, मी केली का तक्रार?" तानूबाई म्हणाल्या. "देवानं दिला होता, देवानं नेला."

"देवावर आळ घेऊ नका. पेटीवर मी होतो. तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांच्या, अंगात ताप. मामंजींनी तुमच्याकडून कोरड्या घशानं सातही गीतं गाऊन घेतली. सोमवारी शब्द फुटेना. डॉक्टरकडे कुणी नेलं? मंडळीनं एक प्रार्थना केली आणि तुमच्या जागी दुसरी पोर उभी केली."

अठरा वर्षं तानूबाई रोज पहाटे गुडघे टेकून एकच विचारत आल्या होत्या, 'प्रभू, माझं कुठं चुकलं?' चूक त्यांची नव्हतीच. ताक पिणाऱ्यांनी त्यांचा घसा सुकवला होता, आणि पाप मात्र त्यांच्या पदरात टाकलं होतं. इतका राग त्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता.

तेवढ्यात संयोगितानं वही पुढे सरकवली. 'तुम्ही रागावू नका, अक्का. तुम्ही म्हणालात तर शुक्रवारी गाते.'

तानूबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनीही असंच म्हटलं होतं, तापात.

"नाही गायचं!" त्या जवळजवळ ओरडल्या. "माझी शपथ आहे तुला."

उत्तम शुक्रवारी उपासनेआधी तानूबाईंनी गाणाऱ्या मुलींना स्वतः पेले भरून दिले. मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांपैकी रघुपतीअण्णा तावातावानं पुढे आले. "तानूबाई, आजच्या दिवशी? परंपरा आहे!"

"मग तुम्ही पाळा. तुम्हाला कुठं गायचंय?"

मागच्या बाकांवर बायका हसल्या. रघुपतीअण्णा बसले.

चार गीतं झाली, नेहमीपेक्षा दोन सूर खालून. शेवटच्या ओळीपर्यंत एकीचाही आवाज फाटला नाही. मग तानूबाई आपल्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "पाचवं गीत यंदा होणार नाही. गाणारीचा घसा आपण मारत होतो, थोडक्यात वाचला. माझा नाही वाचला. व्रत धरायचं तर ज्यानं त्यानं आपल्या जिवावर धरावं, दुसऱ्याच्या गळ्यावर नाही. देवानं दिलेला आवाज सांभाळणं हीसुद्धा उपासनाच आहे, आणि तो झिजवून टाकणं ही भक्ती नव्हे, नासाडी आहे. गीताला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आपण गप्प बसू. लाज वाटू द्या."

मालोजीअण्णांनी पेटीवरून हात उचलले. मंडळी पाच मिनिटं गप्प बसली. तिसऱ्या बाकावर, आईच्या शेजारी, संयोगिताही गप्प होती. पुढच्या वर्षी गाण्यासाठी.