कड साफ आहे

मी आरसा बोलतोय. पण माझ्यापुढे कंगवा घेऊन उभे राहू नका, निराशा होईल. मी दुर्बिणीतला आरसा. सोळा इंच रुंद, जेवणाच्या ताटाहून चांगला मोठा आणि मध्ये थोडासा खोलगट.

जन्माने मी जहाजाच्या खिडकीची जाड काच. नदीकाठच्या एका भंगारवाल्याकडे भिंतीला टेकून दिवस काढत होतो. तिथून श्यामसुंदररावांनी मला गोणपाटात गुंडाळलं आणि कोलकात्याजवळच्या बजबजला आपल्या घरी आणलं.

श्यामसुंदरराव म्हणजे माझे घडवणारे. त्यांचे वडील नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. श्यामसुंदररावांची शाळा चौथीत सुटली, हातात कानस आली, मग गार्डन रीचच्या एका वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटरचं काम. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली. त्या दिवशी माणूस घरी आला तो आभाळाकडे बघतच. जेवताना बायकोला एवढंच म्हणाला, "उषा, मी एक आरसा घासणार आहे."

आरसा घासायचा म्हणजे काय, ते मला विचारा. एका पिंपावर दुसरी काच ठेवायची, मध्ये कुरुंद दगडाची खरखरीत पूड आणि पाणी घालायचं, वर मी. मला पुढे-मागे सरकवायचं, एक पाऊल बाजूला सरायचं, पुन्हा सरकवायचं. असं पिंपाभोवती फिरत राहायचं. पूड बारीक होत जाते, माणूस तोच. दोन हिवाळे ते असे फिरले.

"देवळात एवढ्या प्रदक्षिणा घातल्या असत्यात तर देव घरी राहायला आला असता," उषाताई म्हणायच्या.

"येईल की. जागा करतोय त्याच्यासाठी," ते म्हणायचे.

शेवटी डांबराच्या गादीवर लाल पूड लावून मला चकाकी आणली, आणि दूर पाठवून माझ्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवून घेतला. गच्चीवर त्यांनी पत्र्याची खोली बांधली. तिचं छप्पर रुळांवरून ढकललं की वर सगळं आभाळ. बजबजचं आभाळ काही काळंकुट्ट नाही, तेलाच्या डेपोंचे दिवे त्याला पिवळं करून टाकतात. पण आहे ते आमचं.

पाच वर्षांनी सुयश आला. बँकेतला अधिकारी, बदली होऊन कोलकात्यात एस्प्लनेडच्या शाखेत आलेला. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि दर शनिवारी तो लोकलने यायला लागला. कॅमेरा त्याचा, संगणक त्याचा, आरसा काकांचा. यंदा दोघांनी सप्तर्षींच्या टोकाजवळची एक दीर्घिका, दूरच्या ताऱ्यांचा एक भोवरा, फोटोसाठी धरली. तिचा उजेड इतका फिका की एका फोटोत काही येत नाही. चाळीस तासांचे फोटो जमवायचे, एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तिचे वळलेले हात दिसतात. सुयशची मे महिन्यात बदली होणार होती. त्याच्या आत चाळीस तास भरायचे होते.

एकतीस भरले आणि श्यामसुंदरराव अस्वस्थ झाले. कॅमेरा लावण्याआधी ते एकदा डोळा लावून बघत. तारे टिंबासारखे दिसायचे ते आता कापसासारखे दिसू लागले.

"काका, फोटो उत्तम आहेत," सुयश म्हणाला.

ते हसले. पण तो गेल्यावर उषाताईंना म्हणाले, "पोरगा मन राखतोय माझं. आरशाची कड पडलीय, काठाशी उतरती झालीय. घासताना शेवटी घाई केली मी. शिकलेल्या माणसाने केला असता तर असं झालं नसतं."

माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे. कुणी चांगलं म्हटलं तर ते खोटं वाटतं, आणि मनातली शंका तेवढी खरी वाटते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की काच अशी बसल्या जागी बिघडत नसते हो! पण मला तोंड कुठे आहे?

एका सोमवारी सकाळी त्यांनी मला दुर्बिणीतून काढलं. औषध लावून माझा थर पुसून टाकला. मी पुन्हा नुसती काच झालो. मग मागच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, मला एका टोकाला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला छोटा दिवा आणि दाढीचं पातं ठेवलं. पात्याच्या धारेशी डोळा आणून बघितलं की आरशावर सावल्या दिसतात, आणि सावल्यांवरून आकार कळतो. त्यांनी पाहिलं. कड त्यांना धूसर दिसली. डांबर वितळवायला घेतलं.

चांगल्या कडेवर पुन्हा घासलं असतं तर ती खरोखरच बिघडली असती.

डांबराचा वास आला तशा उषाताई हात पुसत आल्या. "काय चाललंय? मला बघू दे."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"दोन हिवाळे तुमचा चहा पिंपापाशी आणून दिलाय. सरका!" त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "फुगलेल्या पुरीसारखं दिसतंय. छान गुळगुळीत."

"आणि कड?"

"कड साफ आहे की."

"नीट बघ, उषा. धूसर नाहीये?"

त्या उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. "अहो, हल्ली पेपर वाचताना मान तिरकी करता, ठाऊक आहे का तुम्हाला? डावा डोळा लावून बघा बरं."

"डाव्याने कधी बघितलं नाही मी."

"मग आज बघा."

त्यांनी डावा डोळा लावला. एकदा उजवा, पुन्हा डावा. मग ते मागे स्टुलावर बसले.

"उषा, कड साफ आहे गं," ते म्हणाले. आणि माझ्या कडेला बोट लावून, "मी थर उतरवून ठेवला."

"पुन्हा चढतो ना?"

"चढतो. पण दोन-तीन महिने जातील. सुयश तोवर जाईल."

उषाताईंनी गॅस बंद केला. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. उद्याच."

शनिवारी सुयश आला. मला तसा उघडा पाहून त्याने कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली. श्यामसुंदररावांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "नऊ तास मी घालवले रे," म्हणाले.

"काका, एकतीस तर आहेत. त्यांत जे येईल ते आपलं." दोन दिवसांनी त्याने कागदावर छापलेला फोटो आणला. अंधाराच्या जागी थोडे दाणे राहिले आहेत, बाहेरचा हात पुसट आहे. श्यामसुंदररावांनी तो डाव्या डोळ्याशी धरला. कोपऱ्यातला एकेक तारा पाहिला. टिंबं होती, सगळी टिंबं.

"तू मन राखत नव्हतास तर."

"मला ते जमत नाही. बँकेत विचारा."

आता मी लाकडी पेटीत आहे, उषाताईंच्या जुन्या सुती साडीवर पालथा. येत्या सोमवारी थर चढवून घ्यायला माझा प्रवास, गुरुवारी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचाय. पेटी बंद करायच्या आधी ते काच कापायची हिरकणी घेऊन बसले. आरसा घडवणारे त्याच्या पाठीवर आपलं नाव कोरतात. यांनी इतकी वर्षं कोरलं नव्हतं.

"श्यामसुंदर फार लांब होतं," ते म्हणाले.

"मग उषा घाला, दोन अक्षरांत भागेल."

ते हसले. पण हिरकणी टेकवली ती आपल्याच नावाच्या पहिल्या अक्षरासाठी. हात सावकाश चालला आहे, अक्षरं थोडी वाकडी येताहेत. पाठीला गुदगुल्या होताहेत, तरी मी हलत नाही. झाकण लावायची घाई करू नका कुणी. अजून 'सुंदर' व्हायचंय.