झाकलेली तोफ

पुंडलिकने तोफेच्या तोंडावर ताडपत्री ओढली आणि सुतळीची घट्ट गाठ मारली. प्लायवूडची चाकं, नळीला ड्रेनेजचा पाइप, वर करडा रंग. आखातातल्या फिंतासच्या किनाऱ्यावर महिनाभर खपून त्याने ती उभी केली होती. इराण-इराकच्या लढाईचं हे सातवं वर्ष, तेलाच्या जहाजांना सुरुंग लागत होते. एवढ्याशा देशाने खऱ्या तोफा आणायच्या तरी किती? समुद्रातून दिसल्या तरी पुष्कळ, असं किनारा राखणाऱ्या कॅप्टनसाहेबांचं म्हणणं. आज ते स्वतः बोटीतून पाहणार होते. तोफ पसंत पडली तर पुंडलिकला रजा, नाहीतर सलग तिसऱ्या वर्षी मालवणच्या घरात गणपती त्याच्याविना बसणार.

मुकादम अब्बास धापा टाकत आला. हा रत्नागिरीचा, साहेबांचं अरबी त्यालाच कळायचं.

"अरे, झाकलीस कशाला? साहेब बोटीत बसले!"

"रंग ओलो आसा. आणि पुरी होवच्या आधी तोंड दाखवतत काय? गणपती घराक आणताना आपण काय करतो?"

"तोफ आहे ती, बाप्पा नाय!"

अब्बासने गाठ ओढून पाहिली, ती सुटेना. तेवढ्यात बोट समोर आली आणि बराच वेळ तिथेच थांबली.

साहेब उतरले ते तडक अब्बासकडेच गेले. त्यांचं बोलणं ऐकून अब्बासला हसू आवरेना.

"काय म्हणतत?"

"विचारतात, दुसरी तोफ कधी आली? मला कोणी कळवलं कसं नाही?"

पुंडलिकने तोफेशेजारी पसरलेली दुसरी ताडपत्री उचलली. खाली उरलेल्या फळ्यांचा ढीग होता. साहेब मिशीतल्या मिशीत हसले, मग त्यांनी चार बोटं वर केली.

"अजून चार पाहिजेत," अब्बास हळूच म्हणाला.

पुंडलिकचा चेहरा उतरला. चार तोफा म्हणजे चार महिने, आणि गणपतीची चवथ दहा दिवसांवर. तो शेडमध्ये गेला आणि त्याने चार ताडपत्र्या आणून साहेबांसमोर ठेवल्या.

"त्यांका सांग, ह्येका सुतार लागणा नाय."

साहेबांनी रजेचा कागद अब्बासच्या पाठीवर टेकवून सही केली.

चवथीच्या सकाळी पुंडलिक डोक्यावर पाट घेऊन घरी निघाला. गणपतीचं तोंड रुमालाने झाकलेलं होतं. इतका आनंद त्याला तीन वर्षांत झाला नव्हता. बांधावरून नर्मदाकाकीने हाक मारली.

"पुंडलिका, यंदा केवढो रे गणपती?"

"झाकलेलो आसा मा, काकी? मगे हवो तेवढो समज."